राजारामपुरीतला सेल बायोलॉजीचा वीकेंड क्लास: प्रोटीन सॉर्टिंगसाठी जावं का? जावंच!

नेट, सेट, गेट देणाऱ्या बॉटनीवाल्यांसाठी हे लिहितेय, कारण मी जॉईन व्हायच्या आधी सगळीकडं विचारत फिरले होते आणि जो तो "चांगला आहे की" एवढंच सांगायचा, पुढं काही नाही. जनता बझार चौकातून आत गेलं की एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार ही बॅच चालते, बाहेर बोर्ड नाही, जाहिरात नाही, मॅडम एकट्या सगळं बघतात आणि त्यांना आपलं नाव नेटवर आलेलं आवडत नाही म्हणून नाव टाकत नाही. कोर्स पूर्ण सेल बायोलॉजीचा आहे पण मी फक्त प्रोटीन सॉर्टिंगच्या, म्हणजे पेशीत बनलेलं प्रोटीन आपापल्या कप्प्यात कसं पोचतं त्या मॉड्यूलबद्दल लिहिणार, कारण तिथंच या क्लासचा कस दिसतो आणि माझ्या मते कोल्हापुरात हा टॉपिक झाडाच्या बाजूनं असा शिकवणारं दुसरं कुणी मला तरी भेटलेलं नाही.

आधी हा टॉपिक बाकी ठिकाणी कसा होतो ते सांगते. एक मोठी आकृती, न्यूक्लियस, ईआर (एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम, प्रोटीन आत घेणारं पडद्यांचं जाळं), गॉल्जी (पुढं माल वाटणाऱ्या पडद्यांच्या चळती), त्यातून निघणारे बाण, बाणांवर कॉप-वन, कॉप-टू, क्लॅथ्रिन (माल नेणाऱ्या पुटिकांवरची, म्हणजे छोट्या पिशव्यांवरची आवरणं), झालं, घ्या लिहून. आणि ती आकृती असते प्राण्याच्या पेशीची! मॅनोज-सिक्स-फॉस्फेट ही साखरेची खूण लावली की माल लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्याला जातो हे आम्ही बी.एस्सी.पासून घोकलेलं, पण झाडात व्हॅक्युओलकडं, म्हणजे पेशीतल्या मोठ्या साठवणीच्या पिशवीकडं माल पाठवायला ती खूण वापरतच नाहीत हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. ज्या पेशीत निम्म्याहून जास्त जागा, मोठ्या पेशीत तर ऐंशी-नव्वद टक्के जागा व्हॅक्युओल व्यापतो, वर क्लोरोप्लास्ट, वर पेशीभित्तिका, त्या पेशीबद्दल पेपरात प्रश्न आला की आमच्याकडं उत्तर स्वादुपिंडाच्या पेशीचं. याची मला फार चीड यायची, अजून येते.

मॅडमनी पहिल्या लेक्चरला आकृती काढलीच नाही. फळ्यावर फक्त एक राइबोझोम काढला आणि म्हणाल्या, पेशीतली बहुतेक सगळी प्रोटीन्स इथं सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या कप्प्यांबाहेरच्या द्रवात तयार व्हायला लागतात, थोडी क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रिया आपली आपण बनवतात ती सोडा, तर मग प्रत्येकाला आपलं घर कसं सापडतं? कुणीतरी ब्लोबेलचं नाव घेतलं. गुंटर ब्लोबेल, १९९९ चं मेडिसिनचं नोबेल, प्रोटीनच्या स्वतःच्या साखळीतच त्याचा पत्ता लिहिलेला असतो हे दाखवल्याबद्दल. मॅडम म्हणाल्या बरोबर, पण हे वाक्य पाठ करून मार्क मिळत नाहीत, आपण सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उभे आहोत असं समजा, गाडीला पाटी असते, तर प्रत्येक प्रोटीनला तीनच प्रश्न विचारायचे: पाटी कुठं लावलीय, ती वाचतंय कोण, आणि पोचल्यावर काढतात का तशीच ठेवतात. अख्खं मॉड्यूल या तीन प्रश्नांवर चाललं, प्रत्येक कप्प्याला तोच तक्ता आणि तो आपणच भरायचा, त्या भरून देत नाहीत.

ईआरचं उदाहरण घ्या. पाटी एन-टोकाला, सिग्नल पेप्टाइड, मधे पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा पट्टा. वाचणारा एसआरपी (सिग्नल रेकग्निशन पार्टिकल), तो राइबोझोमला धरून भाषांतर, म्हणजे प्रोटीनची साखळी बनणं हळू करतो आणि सगळं लटांबर ईआरच्या सेक-६१ चॅनलवर नेऊन सोडतो. साखळी आत शिरता शिरताच सिग्नल पेप्टिडेज पाटी कापून टाकतो. इथपर्यंत सगळे शिकवतात. पण मॅडमनी लगेच विचारलं, एका प्रोटीनच्या शेवटी केडीईएल आहे, म्हणजे लायसिन, अस्पार्टिक, ग्लुटामिक, ल्युसिन, म्हणजे ते ईआरमध्ये राहणारं, आता मी त्याचं सिग्नल पेप्टाइड कापलं आणि केडीईएल तसंच ठेवलं, तर सापडेल कुठं? निम्म्या वर्गानं ईआर सांगितलं. उत्तर सायटोसोल. कारण केडीईएल वाचणारा रिसेप्टर बसलाय गॉल्जीच्या बाजूला, तो निसटून आलेल्याला कॉप-वनच्या पुटिकेतून परत ईआरला पाठवतो, पण जे आत शिरलंच नाही त्याची मागची पाटी वाचणार कोण? नेटच्या पार्ट सी मधले प्रश्न अगदी याच धाटणीचे असतात आणि हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे पर्याय बघताक्षणी उडतात.

व्हॅक्युओल हा या क्लासचा सगळ्यात भारी भाग आणि फक्त त्याच्यासाठीसुद्धा मी फी भरली असती. मॅडमनी आधी थिअरी नाही घेतली, एरंडाच्या बिया आणल्या. बी सोलून आतल्या पांढऱ्या एन्डोस्पर्मचा ब्लेडनं पातळ छेद घ्यायचा, तेल फार असतं म्हणून अल्कोहोलमध्ये धुवायचा, मग आयोडीनचा थेंब. हे प्रॅक्टिकल बी.एस्सी.ला सगळ्यांनी केलंय, आकृती काढून अॅल्युरोन ग्रेन असं नाव टाकून जर्नल सबमिट केलंय. पण या वेळी बघताना आम्हाला प्रश्न माहीत होते. हाय पॉवरला गोल गोल दाणे दिसतात, आयोडीननं पिवळट तपकिरी झालेला आत एक कोनाकोनांचा स्फटिकासारखा तुकडा, आणि त्याच्या बाजूला एक छोटा गोळा जो रंग घेत नाही, चकचकीत राहतो. तो स्फटिक म्हणजे साठवणीचं प्रोटीन आणि तो गोळा म्हणजे फायटिन, फॉस्फरसचा साठा. आणि हा अख्खा दाणा म्हणजे प्रोटीन साठवणारा व्हॅक्युओल! म्हणजे ईआरला तयार झालेला माल जिथं येऊन पडला ते ठिकाणच आम्ही बघत होतो. मी बराच वेळ डोळा काढला नाही त्या मायक्रोस्कोपवरून, मागं रांग लागलेली तरी.

त्याच बीतलं रायसिन हे विष मॅडमनी त्याच टेबलावर समजावलं, आणि हो, हातमोजे घालायला लावतात, बिया मोजून देतात आणि मोजून परत घेतात, नंतर साबणानं हात धुवून घेतात, याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. रायसिनची ए चेन राइबोझोम बंद पाडते. मग एरंड हे विष बनवताना स्वतःचे राइबोझोम कसं सांभाळतो? ए आणि बी अशा दोन चेन एकाच साखळीत जोडलेल्या असतात, मधे १२ अमिनो आम्लांचा सांधा, या जोडलेल्या रूपात ए चेन काम करत नाही, माल ईआर, गॉल्जी करत व्हॅक्युओलमध्ये पोचतो आणि तिथं गेल्यावरच सांधा कापला जातो. आणि व्हॅक्युओलचा पत्ता लिहिलाय कुठं, तर त्याच सांध्यात. म्हणजे पत्ता आणि कुलूप एकाच तुकड्यात! हे ऐकून मी वहीत तारा काढल्या होत्या, खोटं नाही सांगत.

मग पाट्यांचे प्रकार. रताळ्यातलं साठवणीचं प्रोटीन स्पोरामिन, त्याच्या पुढच्या टोकाच्या तुकड्यात अॅस्परॅजिन, प्रोलिन, आयसोल्युसिन, आर्जिनिन असा क्रम असतो, बार्लीच्या अॅल्युरेन या एन्झाइममध्ये पण तोच, आणि वाचणारा व्हीएसआर (व्हॅक्युओलर सॉर्टिंग रिसेप्टर), यातला पहिला बीपी-८० वाटाण्यात सापडला. दुसरा प्रकार मागच्या टोकाला, बार्लीचं लेक्टिन, तंबाखूचं कायटिनेज, त्यात असा ठरलेला क्रम सापडत नाही. इथं मॅडमची खरी पद्धत दिसते, त्या म्हणतात क्रम पाठ करू नका, कुणी कसं सिद्ध केलं ते सांगा. काढून बघायचं आणि लावून बघायचं. स्पोरामिनचा किंवा लेक्टिनचा तो तुकडा कापला तर प्रोटीन व्हॅक्युओलला न जाता पेशीबाहेर सांडतं, म्हणजे तुकडा गरजेचा आहे. आता तोच तुकडा एरवी बाहेर जाणाऱ्या दुसऱ्याच प्रोटीनला जोडला आणि ते व्हॅक्युओलला गेलं, म्हणजे तुकडा पुरेसा आहे. गरजेचा आणि पुरेसा, हे दोन वेगळे प्रयोग आहेत आणि पेपरात नेमकं एकाचा निकाल देऊन दुसऱ्याचा निष्कर्ष पर्यायात टाकतात. आणि यातूनच आपसूक कळतं की ईआरमध्ये शिरलेल्या विरघळणाऱ्या प्रोटीनला पुढची कुठलीच पाटी नसेल तर ते बाहेरच जातं, त्यासाठी वेगळा नियम पाठ करायला लागत नाही.

आपल्या ज्वारीचा विषय निघाला तेव्हा तर वर्गात सगळे बोलायला लागले, कारण गडहिंग्लज-कागलकडची पोरं, घरी रोज भाकरी. ज्वारीचं मुख्य प्रोटीन काफिरिन, ते गॉल्जीपर्यंत जातच नाही, ईआरमध्येच एकमेकांना चिकटून गाठी होतात आणि ईआरच्याच पडद्यात गुंडाळलेले दाणे तयार होतात, केडीईएल नसताना. ज्वारी शिजवली की काफिरिनमधले गंधकाचे बंध आणखी घट्ट होतात आणि ते पचायला जड जातं, हे पण त्यातच आलं. भातात साठवणीच्या प्रोटीनच्या दोन्ही तऱ्हा, प्रोलॅमिन ईआरच्या दाण्यात राहतं आणि ग्लुटेलिन गॉल्जीमार्गे व्हॅक्युओलच्या दाण्यात, एकाच पेशीत! सोयाबीन, भुईमूग हे ग्लोब्युलिनवाले, त्यांचा माल व्हॅक्युओलला. हे असं आपल्या शेतातल्या धान्यावरून सांगितलं की विसरायला होत नाही.

क्लोरोप्लास्टचं लेक्चर पण चांगलं झालं. त्यातली प्रोटीन्स अंदाजे २००० ते ३०००, पण क्लोरोप्लास्टच्या स्वतःच्या डीएनएवर जेमतेम शंभराच्या आसपास, बाकी सगळं बाहेरून आणायचं. रुबिस्को या कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइमच्या मोठ्या आठ साखळ्या आत बनतात आणि छोट्या आठ न्यूक्लियसच्या जीनवरून सायटोसोलमध्ये बनून आत येतात. हे पूर्ण बनून झाल्यावर आत जाणं असतं, ईआरसारखं बनता बनता नाही, आणि घडी उलगडून जावं लागतं. बाहेरच्या पडद्यावरची टॉक-१५९, टॉक-३४ वाचणारे, टॉक-७५ दार, पुढं आतल्या पडद्यावरचं टिक, आत गेल्यावर स्ट्रोमातलं (क्लोरोप्लास्टच्या आतल्या द्रवातलं) एन्झाइम ट्रान्झिट पेप्टाइड, म्हणजे इथली पाटी कापतं. नावापुढचे आकडे म्हणजे किलोडाल्टनमधलं वजन, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत कुणी बोललं नव्हतं. १९७८ च्या सुमारास वाटाण्यासारख्या झाडांचे क्लोरोप्लास्ट वेगळे काढून हे टेस्ट ट्यूबमध्ये दाखवलं गेलं, आणि ते जेल, म्हणजे प्रोटीन वजनानुसार पट्ट्यात वेगळं दिसतं ते, कसं वाचायचं यावर मॅडमनी निवांत वेळ दिला: मोठा पट्टा म्हणजे पाटीसकट, छोटा म्हणजे पाटी कापलेलं, आता बाहेरून प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम टाका, मोठा पट्टा नाहीसा झाला आणि छोटा टिकला म्हणजे छोटं आत सुरक्षित आहे. प्लास्टोसायनिन या प्रोटीनला दोन पाट्या लागतात, एक स्ट्रोमापर्यंत आणि दुसरी थायलाकॉइडच्या, म्हणजे आतल्या हिरव्या चकत्यांच्या आत जायला, हे तर आम्ही आपले आपण तक्त्यात भरलं, एवढी पद्धत अंगात मुरलेली.

पेरॉक्सिसोम, मायटोकॉन्ड्रिया आणि न्यूक्लियस मात्र एकाच लेक्चरला कोंबलं आणि ही माझी पहिली तक्रार. पेरॉक्सिसोमची मागच्या टोकाची सेरिन, लायसिन, ल्युसिन ही पाटी आणि घडी घातलेलं प्रोटीन तसंच्या तसं आत घेतो ही गंमत, एवढंच झालं. न्यूक्लियसची पाटी कापत का नाहीत हा इतका सुंदर प्रश्न आहे, पेशी विभागताना न्यूक्लियसचं आवरण सुटतं आणि प्रोटीनला परत आत यावं लागतं, त्यावर कुणी विचारलं तेव्हा दोन वाक्यात उत्तर देऊन पुढं. या भागाला अजून एक रविवार हवाच होता.

गॉल्जीच्या लेक्चरला मला बसलेले धक्के सांगते. झाडात गॉल्जी एका जागी न्यूक्लियसशेजारी नसते, शेकड्यानं छोट्या चळती सगळ्या पेशीभर पसरलेल्या आणि अॅक्टिनच्या धाग्यांवरून पळत असतात. जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलेल्या गॉल्जीचे व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवले, हिरवे ठिपके पळतात, थांबतात, परत पळतात. त्याआधी हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान मायक्रोस्कोपखाली लावून क्लोरोप्लास्ट पेशीच्या कडेनं कसे वाहतात ते दाखवलं, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपला काय दिसतं आणि कशासाठी जीएफपी लागतं याचा अंदाज येतो. जीएफपीच्या अडचणी पण सांगितल्या, पेशीबाहेरची जागा आम्लधर्मी असल्यानं तिथं ते फिकं दिसतं, व्हॅक्युओलमध्ये उजेडात त्याचे तुकडे होतात म्हणून रोप आधी अंधारात ठेवावं लागतं, त्यामुळं हिरवं दिसलं नाही म्हणजे पोचलं नाही असं लगेच म्हणायचं नाही. ब्रेफेल्डिन-ए या पुटिकांची वाहतूक अडवणाऱ्या रसायनावर पण असंच, पुस्तकात एक ओळ की गॉल्जी ईआरमध्ये मिसळते, ती तंबाखूच्या पेशीत खरी, पण अॅराबिडॉप्सिस या प्रयोगातल्या छोट्या रोपाच्या मुळात गॉल्जी टिकते आणि ट्रान्स गॉल्जी नेटवर्कचे (गॉल्जीच्या शेवटच्या बाजूच्या जाळ्याचे) पुंजके होतात, कारण तिथं गॉल्जीचं काम सांभाळणारं जीएनएल-वन हे प्रोटीन या रसायनाला दाद देत नाही आणि पिन (ऑक्सिन पेशीबाहेर सोडणारं प्रोटीन) परत पडद्यावर पाठवणारं नोम हे प्रोटीन मात्र देतं. झाडात ट्रान्स गॉल्जी नेटवर्क हेच अर्ली एन्डोसोमचं, म्हणजे बाहेरून आत घेतलेला माल पहिल्यांदा जिथं येतो त्या कप्प्याचं काम करतं हे पण इथंच पक्कं झालं.

शेवटच्या लेक्चरला गाजराच्या पेशीत बनवलेल्या औषधाची केस दिली, टॅलिग्लुसरेज अल्फा, गोशे या जन्मजात एन्झाइमच्या कमतरतेच्या आजारासाठी, अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेलं. माणसाच्या एन्झाइमच्या मागच्या टोकाला तंबाखूच्या कायटिनेजची ती व्हॅक्युओलची पाटी जोडली, माल गाजराच्या व्हॅक्युओलमध्ये गेला, तिथं साखरेच्या साखळ्या अशा छाटल्या गेल्या की टोकाला मॅनोज उघडं राहतं, आणि रुग्णाच्या मॅक्रोफेज पेशी नेमकं तेच मॅनोज ओळखून औषध आत घेतात. प्राण्यांच्या पेशीत बनवलेल्या आधीच्या औषधाला, इमिग्लुसरेजला, त्या साखळ्या नंतर वेगळ्यानं छाटाव्या लागतात. मला वाटतं ही केस पहिल्याच लेक्चरला द्यायला हवी, कारण "हे शिकून उपयोग काय" म्हणणारी पोरं मधेच गळाली, त्यांना हे ऐकायलाच मिळालं नाही.

आता सोयी-गैरसोयी. खोली लहान आहे, उन्हाळ्यात दुपारच्या बॅचला उकडतं, पंख्याच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही. मायक्रोस्कोप कमी आहेत म्हणून प्रॅक्टिकलला थांबावं लागतं. नोट्स हातानं लिहिलेल्या झेरॉक्स, मजकूर एक नंबर पण आकृत्या काळ्या पडलेल्या, जेलचे फोटो तर अजिबात कळत नाहीत, ते मोबाईलवर मागून घ्या, मॅडम पाठवतात. शिकवणं मराठीत आणि संज्ञा इंग्रजी, त्यामुळं खेड्यातून मराठी माध्यमातून आलेल्यांना फार बरं पडतं, माझ्या शेजारी बसणारी राधानगरीकडची मुलगी पहिल्यांदाच वर्गात उलट प्रश्न विचारायला लागली, हे मी स्वतः बघितलंय. प्रश्न विचारला की मॅडम कधी चिडत नाहीत, "अगं, मग तूच सांग कोण वाचतंय ते" असं म्हणून परत आपल्याकडंच टाकतात. फी मोठ्या क्लासेसच्या मानानं बरीच कमी आणि दोन हप्त्यात घेतात. टेस्ट दर रविवारी, पेपर तपासून प्रत्येकाला कुठं घसरला ते लिहून देतात, एवढं कुणी करत नाही.

बारावी नीटवाल्यांनी जाऊ नका, तुमच्या सिलॅबसपेक्षा हे फार खोल आहे आणि वेग पण तुमच्या कामाचा नाही. एम.एस्सी. भाग एकला असाल तर आत्ताच करा, शेवटच्या महिन्यात क्रॅश म्हणून यायचं असेल तर पैसे वाया जातील कारण तक्ते आपणच भरायचे असतात आणि त्याला वेळ लागतो. गाडी मेन रोडलाच लावून चालत या, गल्लीत लावली की शेजारचे लोक ओरडतात. आणि एरंडाच्या प्रॅक्टिकलचा शनिवार कुठला ते आधीच विचारून ठेवा, त्या दिवशी लवकर जाऊन खिडकीजवळचा मायक्रोस्कोप धरा, त्याचीच हाय पॉवर लेन्स नीट आहे.